नालेचा खिळा

सैन्यात पाय गमावून आलेल्या लेकाला कापड नि डिंकाच्या कृत्रिम पायावर उभं करायचं, हे लीलाबाईंना आधी पटलंच नव्हतं. पण घराण्याच्या मानाची सासनकाठी पाडव्याला धैर्यशीलच पेलणार म्हटल्यावर त्या कुंडल गावभर त्याच पायाचं कौतुक सांगत सुटल्या. कौतुक झालं की नजर आलीच. पाडव्याच्या सकाळी लेक पाय काढून ठेवून अंघोळीला गेला, तशी त्यांनी घोड्याच्या नालेचा खिळा घेतला आणि वरवंट्यानं त्या पायाच्या पोटरीत ठोकला. दाराला, ट्रॅक्टरला, सगळ्याला त्यांच्या हातचा खिळा होता.

चौकात हलगी कडाडली. धैर्यशीलनं उंच काठी कमरेच्या पट्ट्यात घेतली, भावकीनं चहूबाजूंनी दोऱ्या ताणल्या. पहिलं पाऊल नीट पडलं. दुसऱ्याला कट्‌कन आवाज झाला आणि तो एका अंगाला कलंडला.

काठी झुकली. दोरीवाले मागं रेलले म्हणून ती अधांतरी थांबली. भावकीतल्या हरिबानं धावत जाऊन ती आपल्या कमरेला घेतली. धैर्यशील मातीत बसला होता.

धैर्यशीलची लेक सृष्टी त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसली. सांगलीच्या कारखान्यात हा पाय तिनंच बनवला होता. खिळ्यापासून निघालेली चीर पोटरीभर गेली होती.

"आज्जी, चुलीच्या मातीत भुसा का घालतीस?"

"तडकू नये म्हणून. आता चूल कुठनं आणलीस मधी?"

"हितं भुशाच्या जागी धागं हायती. ओढ तेच सोसत्यात. डिंक त्यास्नी धरून ठेवतो, एकाचा भार सगळ्यास्नी वाटून देतो. ह्या खिळ्यानं धागंच तुटलं. निस्ता डिंक काय तग धरंल?"

"निस्ती माती," लीलाबाई पुटपुटल्या.

"कुणा वैऱ्याचं काम हाय," हरिबा म्हणाला.

एरवी लीलाबाईंनी लगेच दोन-चार नावं घेतली असती. आज त्यांनी खिळ्यावर बोट ठेवलं.

"वैरी न्हाई रं. म्याच मारला. नजर लागू नये म्हणून."

हलगी थांबली. धैर्यशील आईकडं वळला.

"आये, एक पाय सुरुंगानं नेला, दुसरा तू."

कुणी हसलं नाही. मग त्यानंच हात पुढं केला. "हरिबा, काठी तू नाचीव. मला दोरी दे."

तो बसल्या जागी दोरी ताणून राहिला. नव्या लुगड्यासकट लीलाबाई त्याच्या मागं मातीत टेकल्या आणि दोरीचं उरलेलं टोक त्यांनी मनगटाला गुंडाळून घेतलं.