नववी ‘ई’ची बारावी

मेघना सरदेशमुखनं आजवर बऱ्याच गावांतल्या शाळांत गणित शिकवलं होतं, पण एकाही वर्गाचा शेवट तिनं पाहिला नव्हता. नवरा हवाई दलात. नरेशच्या बदलीची ऑर्डर आली की काळ्या पेट्या बाहेर निघायच्या आणि मेघना शाळेत राजीनामा द्यायची. आपल्या हाताखालची मुलं पुढं काय झाली, हे पहिल्या वर्षी फोनवर कळायचं. मग फोन हळूहळू विरत जायचे. त्याचं वाईट वाटून घेणं तिनं केव्हाच सोडलं होतं. “आपण पेरायचं, कापणीला दुसरं कुणीतरी असतंच,” असं ती साताऱ्याला आईला सांगायची.

चंडीगडलाही ती त्याच तयारीनं शाळेत रुजू झाली. त्या वर्षी नववीला मुलं जास्त झाली होती, म्हणून शाळेनं ‘ई’ नावाची नवी तुकडी काढली. बाकीच्या वर्गांनी आपली नको असलेली मुलं तिकडं सरकवली, त्यात बदलीवाल्यांची नव्यानं आलेली पोरं पडली. स्टाफरूममध्ये त्या तुकडीला खिचडी म्हणत. नव्या बाईंना नवा वर्ग, असा सरळ विचार करून प्रिन्सिपलनी ती खिचडी मेघनाच्या ताटात वाढली.

मेघनाला एक खोड होती. वैतागली की ती फळ्याकडं तोंड करून मराठीत पुटपुटायची. इथं कुणाला कळतंय, असा तिला भरवसा. आणि वैतागायला कारण रोज मिळायचं. शेवटच्या बाकावरचा गुरकीरत तर त्यासाठीच जन्माला आला असावा. अंगानं थोराड, आवाज त्याहून थोराड. वडिलांचा इंडस्ट्रियल एरियात नटबोल्टचा कारखाना. या पोराला कुठलंही समीकरण द्या, तो त्याचा भुगा करून परत द्यायचा. एकदा तर मेघना फळ्याला म्हणाली, “देवा, या दगडोबाला तूच पाझर फोड बाबा.”

दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच गुरकीरत उभा राहिला. “मॅम, एक डाउट है.”

मेघनाला आनंदच झाला. हा पहिल्यांदाच काहीतरी विचारत होता.

“दगडोबा तो समझ गया, मतलब पत्थर जी. पर ये पाझर क्या होता है? शिशिर को भी नहीं आता.”

वर्गात हशा फुटला. तिसऱ्या बाकावरचा शिशिर दातार वहीत तोंड खुपसून बसला होता. त्याचे वडील सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. घरी आई मराठीत बोलायची आणि हा हिंदीत उत्तर द्यायचा, त्यामुळं त्याच्या तोंडून मेघनानं मराठी कधी ऐकलंच नव्हतं. आडनावावरून तरी ओळखायला हवं होतं, पण हजेरी घेताना तिचं लक्ष असायचं कुठं! हा पठ्ठ्या शाळा सुरू झाल्यापासून रोज मधल्या सुट्टीत तिच्या पुटपुटण्याचं भाषांतर करून सगळ्या वर्गाला ऐकवत होता. मुलं डबे उघडून त्याचीच वाट बघत असायची.

“तुला मराठी येतं?” तिनं विचारलं.

“समझ लेता हूँ, मॅम,” शिशिर वहीतूनच म्हणाला.

रागवायचं असं मेघनानं ठरवलं होतं, पण हसूच आलं. तिनं खडू ठेवला आणि पाझर म्हणजे काय ते सांगितलं. खडकातूनसुद्धा पाणी झिरपतं, त्याला पाझर म्हणतात.

“मतलब उम्मीद है?” गुरकीरतनं विचारलं.

“आहे,” ती मराठीतच म्हणाली. “बस खाली.”

त्या दिवसापासून नववी ‘ई’त मराठी राजरोस सुरू झालं. वर्गाची मॉनिटर हरनूर पंजाबी ठसक्यात “गप बसा रे!” ओरडायची. घंटा झाली की सगळे एकमेकांना “आवरा, आवरा” करायचे. शेजारच्या वर्गातले सर काही दिवस समजत होते की ‘ई’मध्ये संस्कृतचे तास फार आहेत.

दहावीला त्रिकोणमिती आली, तेव्हा मेघनानं मुलांना मैदानात नेलं आणि झेंड्याच्या खांबाची उंची काढायला सांगितलं. थंडी सुरू होऊन ऊन हवंहवंसं वाटण्याचे दिवस. गटागटानं कोन मोजणं, आकडेमोड करणं, त्यावरून भांडणं असं बराच वेळ चाललं. हरनूरच्या गटाच्या उत्तरानुसार खांब गुरकीरतच्या खांद्याला लागत होता. हरनूरला उत्तर चुकलंय हे मान्यच होईना. शेवटी गुरकीरत स्वतः खांबाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “देख ले.” गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या गटाचं उत्तर बरोबर आलं होतं, आणि ते त्यानंच काढलं होतं. मेघनानं पुन्हा तपासलं. बरोबरच होतं. त्या दिवशी तो मैदानभर असा चालत होता, जणू खांब त्यानंच रोवलाय. बोर्डात तो गणितात व्यवस्थित पास झाला. त्याची आई डबाभर पिन्नीचे लाडू घेऊन स्टाफरूममध्ये आली आणि डबा रिकामा होईपर्यंत हललीच नाही.

अकरावीत खिचडीची डाळ एकीकडं आणि तांदूळ दुसरीकडं झाले. शिशिर सायन्सला, गुरकीरत कॉमर्सला, हरनूर आर्ट्सला. तरी मधल्या सुट्टीत सगळे जुन्या वर्गाबाहेरच्या जिन्यावर गोळा व्हायचे. मेघना सायन्स आणि कॉमर्स दोन्हीकडं गणित शिकवायची. हरनूरला आता गणित नव्हतं, तरी ती रोज जिन्यावर मेघनाच्या हातातली वह्यांची चवड ओढून घेऊन स्टाफरूमपर्यंत यायची.

आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर नरेशची ऑर्डर आली. जोधपूर.

मेघनानं वर्गात काही सांगितलं नाही. परीक्षा होऊ दे, मग बघू, असं तिनं ठरवलं. पण व्हरांड्यात नरेशशी फोनवर बोलताना शिशिर मागून कधी आला हे तिला कळलं नाही. “पेट्या आत्ताच काढायला नकोत, एप्रिलमध्ये निघू,” एवढं वाक्य त्यानं ऐकलं आणि त्याला ते पुरलं. मधल्या सुट्टीत ती जिन्यापाशी आली तर कुणी डबा उघडलेला नव्हता.

“मॅम, बारावी बाकी है,” हरनूर म्हणाली. हिंदीत बोलली, पण बारावी हा शब्द मराठी.

“दुसरे चांगले सर येतील. माझ्यापेक्षा चांगले.”

“सवाल बीच में छोड़ दो तो आप आधे मार्क काट लेती हैं,” गुरकीरत म्हणाला. तो रागावला होता आणि लपवतही नव्हता.

संध्याकाळी चहा घेताना नरेशनं सहज सांगितलं, “मुलाची बारावी असली की क्वार्टर ठेवता येतं. आपला ऋग्वेद गेला पुण्याला इंजिनिअरिंगला, नाहीतर तू राहू शकली असतीस.”

“माझी एवढी मुलं बारावीत आहेत,” मेघना म्हणाली. “त्यावर एक क्वार्टर मिळणार नाही का?”

नरेश आधी हसला. मग तिच्याकडं बघून थांबला. हातातलं बिस्कीट चहात पडलं, त्याकडंही त्याचं लक्ष नव्हतं.

“राहायचंय तुला?”

“वेडेपणा आहे.”

“मी विचारलं, राहायचंय का?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. तिनं स्वतःलाही नाही.

“माझ्या प्रत्येक बदलीला तू सगळं सोडून आलीस,” नरेश म्हणाला. “वर्षभर मी मेसमध्ये जेवेन. नाहीतर वरणभात करायला शिकेन. विमान उडवता येतं मला, कुकर नाही का लावता येणार?”

“शिट्ट्या मोजाव्या लागतात,” मेघना म्हणाली, आणि तिला रडू आलं.

राहायचं ठरलं, पण क्वार्टर सोडावं लागणार होतं. हरनूरला हे कळलं, आणि दोन दिवसांत तिच्या आजीचा, बीजींचा, निरोप आला. चंडीगडला लागूनच असलेल्या पंचकुल्यातल्या आपल्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, मॅडमनी सामान घेऊन यावं, विचारत बसू नये. मेघना घर बघायला गेली तेव्हा बीजींनी खोली नंतर दाखवली, आधी पराठे वाढले.

ते वर्ष मजेचं गेलं. सकाळी मेघना आणि हरनूर एकाच गाडीनं शाळेत निघत. संध्याकाळी बीजी जिन्याखालून हाका मारत, कारण टीव्हीवरची मालिका एकटीनं बघण्यात त्यांना अर्थ वाटत नसे. मेघनानं एकदा पिठलं करून खाली नेलं. बीजींनी चमच्यानं ढवळून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, “ए कढी बिमार है?” पण मग दोनदा मागून घेतलं. रविवारी जुनी ‘ई’ तुकडी अभ्यासाला वरच्या मजल्यावर जमायची, आणि खालून कोबीच्या पराठ्यांचा वास आला की कॅल्क्युलस थांबायचं. नरेशचे जोधपूरहून फोटो यायचे. पहिल्या महिन्यात करपलेलं वरण, दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी पिवळं.

फेब्रुवारीत निरोपसमारंभ झाला. सकाळपासून मुली साड्या घेऊन पंचकुल्याला हजर. मेघना निऱ्या घालत होती, बीजी तोंडात पिना धरून मागं उभ्या होत्या आणि नरेश, खास सुट्टी काढून आलेला, कुणाला आत यायला वाट देऊ नि कुणाला नको अशा गोंधळात व्हरांड्यात फेऱ्या घालत होता.

समारंभात भाषण कुणी करायचं ते मुलांनीच ठरवलं होतं. गुरकीरत गर्द निळी पगडी बांधून माइकसमोर आला आणि मराठीत सुरू झाला.

“नमस्कार. मी गुरकीरत. नववीत मी दगड होती. मॅमनी पाझर फोडला. आता मी अर्धी माती झालो आहे. मातीमध्ये काहीतरी उगवेल. उगवला नाही, तर पापाजीचा कारखाना आहे.”

निम्म्या सभागृहाला काही कळलं नाही, पण ‘ई’ तुकडी बाकं बडवत होती आणि शेवटच्या रांगेत नरेश डोळे पुसत हसत होता. मेघनाला गुरकीरतची व्याकरणाची एकही चूक सुधारावीशी वाटली नाही.

नंतर चहाच्या वेळी शिशिर तिच्याजवळ आला. जरा घुटमळला.

“मॅम, मी आता घरी आईशी मराठीत बोलतो,” तो म्हणाला. मराठीतच. “ती हसते. पण बोलते.”

मेघनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

निकाल लागला तेव्हा ती जोधपूरला होती. सकाळपासून फोन खाली ठेवता येत नव्हता. शिशिरला अपेक्षेपेक्षा जास्त, हरनूर आर्ट्समध्ये शाळेत पहिली, गुरकीरतला गणितात एकाहत्तर. तो फोनवर आकडाच इतक्या मोठ्यानं ओरडला की स्वयंपाकघरातून नरेश झारा घेऊन बाहेर आला.

“सगळे पास?” त्यानं विचारलं.

“सगळे,” मेघना म्हणाली. मग खुर्चीत बसली. चेहऱ्यावरचं हसू काही जात नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी बीजी होत्या. हरनूरच्या मार्कांचं त्यांनी एका वाक्यात आटोपलं. मग त्या मुद्द्यावर आल्या. वरचा मजला त्यांनी कुणालाही दिलेला नाही, मालिकेत नवी सून आलीय आणि ती चांगली नाही, तेव्हा मॅडमनी पुढच्या सुट्टीत साहेबांनाही घेऊन यावं.

“और वो बिमार कढी,” बीजी म्हणाल्या, “उसका बेसन मैंने मँगवा लिया है.”