उजवीकडे उघडणारा व्हॉल्व्ह

मुलांनो, अशी कल्पना करा, की सकाळी तुम्ही तोंड धुवायला नळ सोडलात आणि त्यातून नुसती हवा फुसफुसली. शेजारी तेच, पलीकडे तेच. ओळीनं चाळीस घरं कोरडी. एका आजीला ही भीती रोज वाटायची.

फार वर्षांपूर्वी तिच्या गावात एका रेल्वे कंपनीनं इंजिनांना पाणी पाजायला उंच लोखंडी टाकी बांधली, आणि शेजारी कामगारांसाठी चाळीस खोल्या. पुढे कंपनी गेली, इंजिनं गेली, रूळसुद्धा उचलून नेले. टाकी राहिली, आणि खोल्यांना पाणी अजून तिचंच. फक्त तिच्या व्हॉल्व्हची एक खोड होती. बाकीचे व्हॉल्व्ह डावीकडे उघडतात, हा उजवीकडे. कंपनीनं तसाच का बसवला, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

नवऱ्यामागे बावीस वर्षं आजीनं तो रोज उघड-बंद करून सांभाळला. आता तिचा खांदा वर होईना. माझ्याच्यानं होत नाही, असं तिनं पाणीखात्याला कळवलं, तेव्हा त्यांनी एक फिटर धाडला. व्हॉल्व्हचा दांडा जुना आहे, तुटला तर दुसरा मिळायचा नाही, उजवीकडे फिरव, हे तिनं त्याला आल्या आल्या सांगितलं. तो हसला. तीस वर्षं हेच करतोय म्हणाला आणि डावीकडे जोर लावू लागला. बंद व्हॉल्व्ह आणखीच आवळला. तिनं पुन्हा सांगितलं.

"आजी, गंज धरलाय नुसता. तुम्ही सावलीत बसा बरं," असं म्हणत त्यानं जोर वाढावा म्हणून पान्ह्याला लांब पाइप अडकवला.

आजी खरंच बसली. दुरुस्तीला येईल त्या नव्या माणसाला तेच तेच सांगून तिचं तोंड दुखलं होतं. तुटू दे एकदाचा, मीही सुटेन, असं क्षणभर मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. पण उठवेना.

लोखंड करकरलं. तशी तिची नात धावली आणि पाइपाच्या वाटेतच उभी राहिली.

"काका, एकदा उजवीकडे फिरवून बघा. नाही उघडला तर होते मी बाजूला."

पोरीला ढकलणार कसं? फिटरनं सुस्कारा टाकून पाइप काढला आणि पान्हा उजवीकडे वळवला. थोडा अडखळून व्हॉल्व्ह सैल झाला, नळांत पाणी खळखळलं. कान खाजवत तो म्हणाला, "मग हे इथं कुणी लिहून का नाही ठेवलं?"

आधी आजीच्या नवऱ्याला ठाऊक होतं, मग तिला. लिहायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

नातीनं फिटरकडून छिन्नी-हातोडी मागून घेतली, व्हॉल्व्हच्या लोखंडी झाकणापाशी उकिडवी बसली आणि त्यावर उजवीकडे जाणारा बाण कोरायला लागली.