सात नंबरचं मशीन

‘मशीनला काही झालं तर जबाबदारी तुमची.’ हे वाक्य तुम्ही बोललात, साहेब. परीक्षेच्या हॉलमध्ये, वीस पोरापोरींसमोर, खुर्चीवरून न उठता. बोललात आणि चहा मागवलात. त्या वाक्यानं पुढं काय केलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. तर आता ऐका.

नूतन ही तापीकाठच्या गुजर घरातली. बापाची केळीची बाग. पोरगी मात्र आयटीआयमध्ये आरेखकाचा कोर्स शिकवायची, म्हणजे घरांचे, शाळाखोल्यांचे, मोऱ्यांचे नकाशे काढायला. तीही तासिकेवर. आज आहे, उद्या नको म्हटलं की संपलं. ड्रॉइंग बोर्ड होते, टी-स्क्वेअर होते, पण अर्धी परीक्षा कॉम्प्युटरवर. आणि बारा कॉम्प्युटर दोन पावसाळे एका खोलीत खोक्यांत पडून. दाराला कुलूप, प्रत्येक खोक्यावर शिक्का मारलेलं कागदी सील. वरून, तुमच्याच कार्यालयातून, हुकूम असा की उद्घाटन होईपर्यंत हात लावू नये. दोनदा मांडव उभा राहिला, दोनदा निघाला. पाहुण्यांना वेळच मिळेना. एकदा तर हारही येऊन पडले. ते शेवटी चुनीलाल शिपायानं घरच्या गणपतीला घातले.

मग नूतननं फ्रिजचं खोकं आणलं, त्याचे तुकडे कापले आणि त्यावर स्केचपेननं कीबोर्ड काढला. खऱ्याच्या मापाचा, एकूणएक बटण. पोरं त्या पुठ्ठ्यावर बोटं मारायची आणि पाढे म्हणावेत तशी म्हणायची, “एल, एन्टर, रेष. सी, एन्टर, वर्तुळ.” गावातल्या पोरांकडे कोणाच्या भावाचा लॅपटॉप होता, कोणी नंदुरबारला क्लास लावला. निर्मलाकडे पुठ्ठा होता.

निर्मला नवापूरपल्याडच्या डोंगरातल्या पौलसची पोरगी. वसतिगृहात राहायची, लाल रिबीन बांधायची, बोलायची कमी. पण पुठ्ठ्यावर तिची बोटं अशी चालत की बघत राहावं. ती डोळे मिटून बटणं सांगत जायची आणि नूतन फळ्यासमोर उभी राहून खडूनं तसतशी रेघ ओढायची. शेवटी फळ्यावर दोन खोल्यांचं घर उभं राहायचं. भिंती नऊ इंची, दार बरोबर जागेवर, खिडकीला खिडकी. वर्गातली पोरं म्हणायची, “मॅडमच कॉम्प्युटर झाल्या.” नूतन हसायची. तिला अभिमान वाटायचा त्या खेळाचा. पुठ्ठा कधी उलट बोलत नाही, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

ऑगस्टात परीक्षा झाली, केंद्र दुसऱ्या गावचं. निकाल आला तेव्हा कॉम्प्युटरच्या पेपरात निर्मलाला शून्य होतं.

शून्य? नूतनला वाटलं, टायपिंगची चूक असेल. ती स्वतः त्या केंद्रावर गेली. तिथल्या लॅब अटेंडंटनं सात नंबरचं मशीन लावून दिलं. नकाशाचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. या मशीनचं ग्राफिक्स कार्ड ओळखता येत नाही, चित्र सावकाश दिसेल, एवढंच त्यात होतं. खाली ‘ओके’. नूतननं ओके दाबलं. चौकट गेली, काळा पडदा उघडला, सगळं सुरळीत. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, कोणी टाकलाच नव्हता. दहा मिनिटांचं काम.

“बाकीच्यांच्या मशीनलाही येते ही चौकट?” तिनं विचारलं.

“नाही, या एकालाच. लाल रिबीनवाली बसली होती इथं,” अटेंडंट म्हणाला. “तीन तास मांडीवर हात ठेवून. आम्हाला वाटलं, येत नसेल तिला काही.”

सरकारी वस्तू आपल्या हातून मोडली, असं समजली ती. तुमचं वाक्य पाच मिनिटांपूर्वीच कानात पडलं होतं ना. मग काय करील? हात काढून घेतले आणि बसून राहिली. कोणाला सांगितलं नाही. मैत्रिणीला नाही, नूतनलाही नाही.

डिसेंबरात पुरवणी परीक्षा होती. नूतन चुनीलालकडे गेली. “चुनीलालभाऊ, ती खोली उघडायची आहे.”

चुनीलालनं टोपी काढली, परत घातली. “चावी तठे खिळाले टांगेल शे, ताई. मी चहा पेवाले जाई ऱ्हायनू. मी काही देखं नही.” दारातून वळून म्हणाला, “मोठा कप पिसू.”

तिनं एक खोकं निवडलं आणि नखानं सील फाडलं.

कॉम्प्युटर कसला, टंकलेखनाचं यंत्र. रॅम चार जीबी, हार्ड डिस्कची जुनी चकती, ग्राफिक्स कार्डाचा पत्ता नाही. ती तो डबा मांडीवर घेऊन बसनं नंदुरबारला भिलाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेली. भिलानं झाकण उघडलं आणि हसायला लागला.

“मॅडम, हाई तर पत्र लिखाले शे. येन्हावर बिल्डिंगा बांधाले निंघनात का तुम्ही?”

“हो. काय काय लागेल ते सांग.”

“नवं मशीन लागी.”

पण भिला तोंडाचा तिखट, हाताचा नेक. जुन्या मशीनमधलं एक कार्ड त्यानं काढून दिलं. ते बसवलं तर वीजपुरवठ्याचा डबा कमी पडला, तोही बदलला. रॅमच्या दोन पट्ट्या त्यानं नूतनलाच बसवायला लावल्या. “आधी पत्र्याला हात लावा. अंगातली वीज उतरू द्या, नाहीतर चिप जळते.” पट्टी खटकन् बसली तेव्हा नूतनला वाटलं, हे निर्मलानं करायला हवं होतं. जुन्या चकतीच्या जागी नवी एसएसडी गेली. विंडोज नव्यानं टाकलं. मग सॉफ्टवेअरची विद्यार्थ्यांसाठीची प्रत. ती उतरायला दोन दिवस लागले, कारण दुपारी लाईट जायची आणि भरलेलं परत रिकामं व्हायचं. शेवटी यूपीएसही भिलानंच आणून ठेवला.

चौथ्या दिवशी मशीन खोलीत परत आलं आणि सुरू झालं. पडदा काळा, कर्सर लुकलुकतोय. नूतननं एल दाबलं, एन्टर दाबलं, एक रेष ओढली आणि पुसून टाकली. पहिली रेष तिची नव्हती, निर्मलाची होती.

मग तिनं एक वेडेपणा केला. भिलानं टाकलेला कार्डाचा ड्रायव्हर तिनं मुद्दाम काढून टाकला. मशीन बंद करून लावलं. आली तीच चौकट. येऊ दे. निर्मला येईल, ही चौकट बघेल, आपल्या बोटानं ओके दाबेल, आणि मग ड्रायव्हरही तीच टाकेल. भीती जिथं बसली तिथूनच उपटायची, असं नूतनच्या मनात होतं.

तिनं पौलसला फोन लावला.

“जय येशू, मॅडम.” मागं वाऱ्याचा आणि कोयत्यांचा आवाज येत होता. “आम्ही बारडोलीकडं आहोत, पडावावर. ऊसतोड चालू झाली.”

“निर्मला?”

“हाय ना. देतो.”

“निर्मला, मशीन तयार आहे गं. आपलं, आयटीआयमधलं. तू फक्त ये.”

पलीकडून अगदी हळू आवाज आला, “मॅडम, ते सात नंबरचं दुरुस्त झालं का?”

“ते बिघडलंच नव्हतं.”

“खरं सांगा.”

“खरंच सांगते. खाली ओके होतं ना, ते दाबायचं होतं. दाबलं की जातं.”

“एवढंच?”

“एवढंच गं.”

“मला सगळं येत होतं, मॅडम,” निर्मला म्हणाली. “तीन तास मी मनातल्या मनात पूर्ण नकाशा काढला. जिनासुद्धा.”

आणि फोन बापाच्या हातात गेला. नूतन नंतर आम्हा सहकाऱ्यांना कितीदा तरी म्हणाली की मी तिला सांगायलाच नको होतं. मशीन मोडलं असं समजून ती निदान जगत होती.

“मॅडम, आता नका बोलावू तिला,” पौलस म्हणाला. “तिच्या आईचे गुडघे गेले. मी आणि निर्मला मिळून एक कोयता आहे, जोडीनंच काम देतात. ती गेली तर मलापण बसवतील. होळीपर्यंत सुटका नाय.” मग म्हणाला, “आणि ती आता पेन्सिलपण हातात घेत नाय. ते पुठ्ठ्याचं होतं ना, ते तिनं चुलीत घातलं.”

नूतननं मशीन बंद केलं. ड्रायव्हर टाकला नाही.

आठवड्यात तुमची माणसं आली. मशीन खोक्यात गेलं, खोक्यावर नवं सील लागलं, कुलूपही नवं. नूतनच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. विनापरवानगी सील तोडल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. तासिका बंद.

तिनं खुलासा दुसऱ्याच दिवशी दिला. पान एकच. ‘सील मी तोडलं. नखानं तोडलं. चावी मीच घेतली, कोणी दिली नाही.’ चुनीलालनं तो कागद तुमच्या कार्यालयाच्या आवक खिडकीत दिला, शिक्का घेतला आणि कोपऱ्यात जाऊन उपरण्यानं तोंड पुसत राहिला.

त्या पानाच्या खालच्या अर्ध्यात तिचे प्रश्न आहेत, साहेब. एक पोरगी तीन तास मांडीवर हात ठेवून बसली, तेव्हा हॉलमध्ये तुम्ही होता. तिच्याजवळ जाऊन काय झालं गं, असं का विचारलं नाहीत? सात नंबरचं मशीन परीक्षेआधी कोणी तपासलं? तपासलं अशी सही कोणाची आहे? मशीनला काहीच झालं नव्हतं, पोरीला झालं. त्याची जबाबदारी कोणाची?

नूतनला सात दिवस दिले होतेत. तुमचे दोन महिने झाले. लेखी उत्तर द्या.