झाकलेला कोपरा

टपालाची तिकिटं पारखून घ्यायला भिंगकाकांकडे येणारा माणूस आशेनं यायचा, नाहीतर घाबरत. त्यांच्या जुन्या मित्राची मुलगी त्या सकाळी अगदी शांतपणे आली, आणि तेच काकांना खटकलं.

"ये, बस. बारा वर्षांनी काकांची आठवण झाली?"

"बाबा गेले. तुम्हाला कळलं असेलच."

कळलं होतं. पण काका भेटायला गेले नव्हते. गुडघे धरलेत असं बायकोला सांगितलं होतं. गुडघे बिचारे ठणठणीत होते.

तिनं पिशवीतून एक जुनं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. काकांनी ते लांबूनच ओळखलं.

आता हे प्रकरण समजून घ्या. ते टपालाचं तिकीट मुळात हिरवं. आधी पिवळी शाई, वर निळी, असं छापून हिरवं केलेलं, आणि निघालं लाखांनी. एकदा कधीतरी एका तावावर पिवळी शाई पडलीच नाही आणि तेवढी तिकिटं निळी निघाली. बोटांवर मोजावीत इतकी. पण लबाड माणसाला काय हो, साधं हिरवं तिकीट दोन महिने उन्हात ठेवलं की पिवळा उडतो नि निळा राहतो. वरवर बघून भल्याभल्यांना फरक कळत नाही.

मित्राच्या पाकिटावर असंच एक निळं तिकीट होतं आणि त्याच्या कोपऱ्यावर दुसरं, तपकिरी तिकीट चढवून चिकटवलेलं, दोन्हींवर मिळून टपालाचा एकच जुना शिक्का. म्हणजे उत्तर तिथंच होतं. वरचं उचलायचं. झाकलेल्या कोपऱ्याला ऊन लागलेलंच नसणार. तो हिरवा निघाला तर लबाडी, निळा निघाला तर अस्सल.

बारा वर्षांपूर्वी मित्र हेच तर म्हणत होता. तिकिटं जमवणाऱ्यांच्या मंडळाच्या भरल्या बैठकीत त्यानं हात जोडले होते. "उचलून बघ रे एकदा!" चाळीस माणसं बघत होती. काकांना चेव चढला. "उचलाउचली नवशिक्यांनी करावी. माझी नजर पुरे," ते म्हणाले, आणि लिहून मोकळे झाले: उन्हात उडवलेलं. मित्र मंडळाचा चिटणीस होता. दुसऱ्या दिवशी पाटीवरून त्याचं नाव गेलं. त्यानंतर मंडळातलं कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. काकाही नाही.

"आज उचला, काका," मुलगी म्हणाली. "माझ्यासमोर."

"पाकीट खराब होईल गं."

"होऊ दे."

नाही म्हणावं तर तेच कबुली दिल्यासारखं. काकांनी टेबल उत्तरेच्या खिडकीपाशी ओढलं. टिपकागदाची पट्टी ओली करून तपकिरी तिकिटावर ठेवली. इतका जुना डिंक सुटायला अर्धा तास तरी खातो. हा पाच मिनिटांत सुटला. बरं झालं, लवकर आटपेल, एवढंच त्यांच्या मनात आलं. एरवी एवढी गोष्ट नजरेतून सुटली म्हणून त्यांनी एखाद्याला तासभर झापलं असतं.

चिमट्यानं तिकीट उचललं. भिंग डोळ्याला लावलं.

कोपरा निळा होता. बाकीच्या तिकिटाइतकाच, टोकापर्यंत निळा.

काकांनी भिंग खाली ठेवलं. मेल्या, तू त्याला जिवंतपणी मारलंस, असं ते स्वतःलाच म्हणाले. मग नजर भिंतीवरच्या कपाटाकडे गेली. तिथं चाळीस वर्षांत दिलेल्या दाखल्यांच्या नकला होत्या, अकराशेच्या वर. एक खोटा ठरला की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? आणि गेलेला माणूस काही परत येत नाही. हा विचार आला, आणि त्याची त्यांना शरमही वाटली. पण जीभ वळायची ती वळलीच.

"हिरवा," ते म्हणाले.

"मला निळा दिसतोय."

"ओलं आहे, पोरी. ओल्या कागदावर तुला नाही कळायचं. चाळीस वर्षं घालवावी लागतात त्याला."

तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून भिंगातून स्वतःचं बोट बघायची, तसंच. "बरं. मग लिहून द्या. सहीशिक्क्यासकट."

काकांनी लिहून दिलं. तिनं वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. मग दुसरा कागद काढला.

"परगावच्या तिघा पारख्यांचा आहे. गेल्या महिन्यात त्यांनी वरचं तिकीट उचलून पाहिलं. निळा. तिघांच्या सह्या आहेत, फोटो आहे. मग मीच ते ताज्या डिंकानं परत चिकटवलं."

डिंक! काकांनी डोळे मिटले. पाच मिनिटांत सुटलेला डिंक.

"अगं, मग मला विचारायला कशाला आलीस?"

"बाबांनी सांगितलं होतं म्हणून." तिनं एक चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. मित्राचं अक्षर, शेवटी शेवटी थरथरलेलं. तो निळा म्हणाला तर बाकीचे कागद फाडून टाक आणि पाकीट त्यालाच दे. या तिकिटासाठी आम्ही दोघं तरुणपणी वेडे झालो होतो.

काकांना दोनदा वाचावी लागली. मुलीनं तोवर पाकीट टिपकागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं होतं.

"आणि हिरवा म्हणाला तर?" त्यांनी विचारलं.

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. बाबांना ते सुचलंच नसावं." ती दारापाशी थांबली. "आज मंडळाची बैठक आहे. अजून पाचलाच असते ना, काका?"

जिन्यावरून तिची पावलं खाली गेली. आतून बायकोनं विचारलं, "अहो, चहा किती कप टाकू?"

काका घड्याळाकडे बघत बसले होते. साडेअकरा झाले होते.