पोत्यांचं कुणी लिहिलंच नव्हतं

जान्हवीताईंचा फोन आला तेव्हा मी भूगावच्या ऑफिसात नुकती खुर्चीवर टेकले होते. ऑफिस म्हणजे बिल्डरला विकता न आलेला तळमजल्यावरचा एक फ्लॅट आणि त्यात आम्ही चार माणसं.

"गौतमी, कणगी रिकामी झालीय," त्या म्हणाल्या. "सगळं गेलं."

कणगी म्हणजे खेड्यात धान्य साठवायची, आतून सारवलेली मोठी टोपली; तेच आमच्या सॉफ्टवेअरचं नाव. लोकांनी आपली माहिती त्यात साठवून ठेवायची. ते लिहिलं आमच्या चंद्रकांतदादांनी. दादा रिहे गावचे, भातशेतीच्या घरातले, म्हणून कमांडनाही घरचीच नावं: भर, काढ, सारव. ती कशी वापरायची याची पानं मी लिहिते. पूर्वी ती पानं माणसं वाचायची, आणि माणूस अडला की फोन तरी करायचा. आता बहुतेकांसाठी एआय एजंट वाचतात. पानावर आहे तेवढंच खरं धरतात आणि कामाला लागतात.

ताई जनावरांच्या डॉक्टर. मेंढपाळांच्या कळपांना लस देतात. कानात कुठल्या नंबरचा बिल्ला असलेल्या मेंढीला पहिला डोस झाला, कुठली गाभण म्हणून वगळली, सगळं कणगीत. धुळाजी नावाच्या मेंढपाळाचा कळप रिह्यात भात निघालेल्या खाचरांत बसला होता आणि उद्या ताम्हिणी घाटाने कोकणात उतरणार होता. म्हणजे दुसरा डोस आजच. आणि नोंदी न बघता सुया टोचल्या, तर गाभण मेंढ्यांचा गर्भ पडायची भीती.

ताईंनी सकाळी आपल्या एजंटला सांगितलं होतं, "नोंदी दुबार झाल्यात, जरा साफसफाई कर." त्याने माझं पान वाचलं. तिथे मी लिहिलं होतं, "सारव: कणगी स्वच्छ करून नव्या भरणीसाठी तयार करते." त्याने इमानेइतबारे सारव चालवलं. कणगी चकचकीत झाली, आत एक मेंढी उरली नाही.

"आता तो म्हणतोय, माहिती कायमची गेली. पुन्हा एकदा सारवून नव्याने सुरू करू का?"

"कशालाही हात लावू नका!" मी ओरडलेच.

दादा चहाचा कप घेऊन आत येत होते. मी धडाधडा सांगून टाकलं. हा माणूस शांतपणे चहा फुंकत म्हणाला, "मग पोत्यांतनं परत भरा की."

"कुठली पोती?"

"आता घ्या! कणगी सारवायची तर आधी भात पोत्यांत काडून बाजूला ठिवत्यात. सारवण वाळलं की पुन्ना आत. भात काय उकिरड्यावं टाकत्यात व्हय? तसंच लिवलंय मी. सारव म्हटलं की समदं पोत्यांत जातंय, परतभर म्हटलं की पुन्ना आत."

"हे कुठे सांगितलंय तुम्ही?"

"त्यात सांगायचं काय? शेंबड्या पोराला ठावं हाय."

माझं डोकंच फिरलं. "मी सोलापूरच्या रेल्वे कॉलनीत वाढले, दादा! आणि त्या एजंटच्या तर सात पिढ्यांत कुणी कणगी पाहिली नाही!"

दादा हसले. मला मात्र एजंटचा तो प्रश्न आठवला. "आणि दुसऱ्यांदा सारव चालवलं तर?"

"तर जुनी पोती झटकायची, नवी भरायची."

"पण नव्या पोत्यांत भरायला आत्ता कणगीत आहे काय?"

दादांचं हसू मावळलं. कप टेबलावर ठेवून त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "डॉक्टरबाई, त्याला थांबीवलंय न्हवं?"

"थांबवलंय," ताई म्हणाल्या. "हो म्हणणारच होते. गौतमी ओरडली म्हणून राहिले."

दादांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मग मला म्हणाले, "लिही."

ताई बांधावर उभ्या, हातात नुसता मोबाइल. जे करायचं ते एजंटनेच, आणि त्याने करायचं तर पानावर असायला हवं. मी लिहायला लागले. सारव कणगीतली सगळी माहिती बाहेर काढते. दुबार नोंदी काढायला हे वापरू नका. काढलेली माहिती पोत्यांत सुरक्षित राहते. परत आणायची तर 'परतभर' चालवा. त्याआधी पुन्हा सारव चालवलंत तर ती कायमची जाईल, म्हणून आधी माणसाला विचारा. दर वाक्याला दादा विचारत होते, "हे बी लिवायचं?" आणि मी म्हणत होते, "हे बी."

पान चढवलं. ताईंनी एजंटला ते वाचायला लावलं. मग त्या वाचू लागल्या, "सगळ्या नोंदी पोत्यांत आहेत. परतभर चालवून कणगीत आणू का?" आणि लगेच, "आण रे बाबा, आण!"

आल्या. बिल्ल्यांसकट, गाभण मेंढ्यांच्या खुणांसकट. मला इतकं हलकं वाटलं की मी दादांचा उरलेला चहा पिऊन टाकला.

फोन चालूच होता. ताई तिकडे ओरडल्या, "धुळाजी, मेंढरं घावली! समदी घावली!"

"हरवली कवा व्हती?" लांबून धुळाजींचा आवाज आला. "सकाळधरनं हितंच तर हुबी हायेत. सुई काडा बाई, आमाला निगायचंय."