आतला आवाज, बाहेरचा आवाज

कोंडाजींचा आवाज एके काळी नाशिकच्या अख्ख्या सीबीएस बसस्थानकावर चालायचा. एसटीत ते गाड्या पुकारायचे. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. निफाडमार्गे नांदगावकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे," एवढं भोंग्यातून आलं की हातातला वडापाव तसाच धरून माणसं पळत सुटायची. घरी मात्र हा आवाज कुणाच्या फारसा वाट्याला आला नाही. दिवसभर बोलून घसा बसलेला असायचा, त्यामुळे 'हं' आणि 'बरं' एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा संसार निघाला. बाकीचं बोलणं बायको चांगुणाबाईंनी सायखेड्याच्या माहेराहूनच आणलं होतं आणि ते काही सरणारं नव्हतं.

लेक रोहिणी नवऱ्याबरोबर जर्मनीला निघाली, तेव्हा विमानतळावर चांगुणाबाईंनी रडून रडून पदर भिजवला. कोंडाजी एवढंच म्हणाले, "पासपोर्ट घेतलास ना?" पुढे दर रविवारी तिचा फोन यायचा. कोंडाजी "जेवलीस का?" विचारायचे आणि उत्तर यायच्या आत फोन बायकोच्या हातात द्यायचे.

"मी इकडे आले म्हणून बाबा रागावलेत का गं अजून?" रोहिणी आईला विचारायची.

"राग कशाचा आलाय? त्यांचं मशीनच तसलं हाय," चांगुणाबाई सांगायच्या. रोहिणी हसायची, पण तिला ते पटत नसे.

रोहिणीला मुलगी झाली आणि बारशाचा घोळ सुरू झाला. नाव ठेवायचं आत्यानं. पण बाळ जर्मनीत, आत्या पूजा नांदगावला आणि आजी-आजोबा नाशकात. व्हिसाच्या भानगडीत कुणाचंच जाणं जमेना. शेवटी ठरलं, की सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर यायचं, जावई रविराजनं फोन बाळाच्या कानाशी धरायचा आणि पूजानं नांदगावहून 'कुर्रर्र' करायचं. नाव तिनं मनाशी पक्कं केलं होतं, पण सख्ख्या भावालाही त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

"बाबा, रेकॉर्डिंग तुम्ही करा," रोहिणी म्हणाली. "आमचे हात बाळात अडकलेले असणार. आणि आपण सगळे एकत्र असू ते फक्त स्क्रीनवरच. तिचं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं ते मला तिला मोठेपणी ऐकवायचंय. कराल ना?"

"करतो," कोंडाजी म्हणाले. लेकीनं आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. या एका शब्दानं त्यांची झोप उडाली.

खालच्या मजल्यावर समाधानचा कॉम्प्युटर क्लास होता. त्यानं येऊन स्क्रीन रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम टाकून दिला, काकांना सोपं जावं म्हणून मराठीतून लावून दिला, आणि बजावलं, "लाल बटण दाबा, संपलं की परत दाबा. दुसऱ्या कशालाही हात लावू नका, काका."

हात लावू नका म्हटल्यावर हात न लावणारा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचाय.

बारशाच्या दिवशी चांगुणाबाई ठेवणीतली पैठणी नेसून कॉम्प्युटरसमोर बसल्या. घुगऱ्यांसाठी कुकर गॅसवर चढवलेला होता. कॉम्प्युटरचा स्पीकर फाटका, म्हणून दोघांनी एकच इयरफोन वाटून घेतला. एक बोंडी त्यांच्या कानात, एक यांच्या. त्याचा चिमुकला माईक दोघांच्या गालांमध्ये लोंबत होता. "सगळ्यांनी माईक बंद करा रे, आवाज घुमतोय," असं रोहिणीनं सांगितलं, म्हणून कोंडाजींनी कॉलवरचा माईक बंद केला. मग लाल बटणाकडे वळले, तर त्याखाली त्यांना दोन शब्द दिसले: 'आतला आवाज' आणि 'बाहेरचा आवाज'. खूण आतल्यावर होती.

"समाधाननं चूक करून ठेवलीये," ते म्हणाले. "आतला आवाज म्हणजे आपल्या घरातला. तो घेऊन काय करायचंय? रोहिणी बाहेर, पूजा बाहेर. आपल्याला बाहेरचा पाहिजे."

"बराबर हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "बाहेरदेशची पोर, तिला बाहेरचाच आवाज लागंल."

या दोघांचं एकमत क्वचितच व्हायचं आणि झालं की काहीतरी हमखास बिघडायचं.

बारसं मात्र झकास झालं. पूजानं स्क्रीनवर तोंड पुढे करून 'कुर्रर्र' केलं, नाव घेतलं, आरोही, आणि नांदगावच्या शेजारणींनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की तिचा फोनच हातातून उडाला. जर्मनीत बाळ शांत झोपलं होतं. इकडे कोंडाजींचा चष्मा धुकटला होता.

सगळं आटोपल्यावर त्यांनी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. चित्र लख्ख. रविराज, रोहिणी, पाळणा, पूजा, सगळे तोंडं हलवताहेत. आणि आवाज कसला, तर कुकरच्या शिट्टीचा आणि चांगुणाबाईंच्या "अगं बाई, किती गं वाळली"चा! कोंडाजींनी घाईघाईनं ते बंद केलं. पुढचं ऐकायचा त्यांना धीरच झाला नाही.

समाधान वर आला आणि कपाळाला हात लावून खालीच बसला. "काका, आतला म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला. बाहेरचा म्हणजे खोलीतला, माईकचा."

"पण रोहिणी बाहेर आहे ना रे," कोंडाजी हळू आवाजात म्हणाले.

"असू द्या, काका. आपल्याकडे तिचा आवाज आतूनच येतो."

जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर पुकारल्या आणि घरची एकुलती एक गाडी चुकवली, हे कोंडाजींच्या मनाला फार लागलं. रोहिणी रेकॉर्डिंग मागायची, ते "पाठवतो" म्हणायचे आणि फोन बायकोकडे द्यायचे. शेवटी चांगुणाबाईंनीच तोंड उघडलं. "आवाज नाय आला गं पोरी. घरातलाच आला. यांनी बाहेरचं दाबलं, आन् मीबी हो म्हटलं."

"म्हणजे नाव आलंच नाही?" रोहिणीनं विचारलं.

"पूजाला परत म्हणायला लावू की," चांगुणाबाई म्हणाल्या.

"परत म्हटलेलं पहिलं कसं होईल, आई?" रोहिणीचा आवाज जड झाला होता. मग ती म्हणाली, "जाऊ दे. आहे ते पाठवायला सांग बाबांना."

"त्यात काहीच नाही," बाजूनं कोंडाजी पुटपुटले.

"असू द्या. पाठवा."

समाधाननं ते पाठवून दिलं. कोंडाजींचं त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं. भाजी अळणी झाली होती, तरी त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी रोहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिचे डोळे सुजलेले दिसत होते. "बाबा, फोन आईकडे द्यायचा नाही. ऐका," ती म्हणाली आणि तिनं रेकॉर्डिंग लावलं.

कुकरची शिट्टी झाली. मग कोंडाजींना स्वतःचा आवाज ऐकू आला. "चांगुणा, बघ, आपली रोहू बघ. बाळाला कसं धरलंय. हिला अशीच धरायचो गं मी, कामावरून आल्यावर. झोपलेली असायची. उठेल म्हणून बोलायचो नाही." पुन्हा शिट्टी. "विमानतळावर सांगायचं होतं, की घर सुनं होईल. घशातून शब्दच फुटला नाही. तिला वाटतं मी रागावलोय."

"मग सांगा की आता," चांगुणाबाईंचा आवाज.

"आता कसं? माईक बंद आहे ना. म्हणून तर बोलतोय."

स्क्रीनवर पूजानं तोंड पुढे केलं. तिचे ओठ हलले, शेजारणींचे धपाटे पडले, आणि त्या मुक्या चित्रावर सीबीएसवरचा तो जुना, खणखणीत आवाज दणकला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! जर्मनीहून सुटलेली कुमारी आरोही आजोबांच्या मांडीवर लागत आहे. गाडी वाटेत कुठेही थांबणार नाही!" पाठोपाठ चांगुणाबाई खदाखदा हसल्या आणि हसता हसता त्यांना हुंदका फुटला.

कोंडाजींना आपण असं काही म्हटल्याचं आठवतही नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते.

"नाव आलंय, बाबा," रोहिणी म्हणाली. "पूजाताईंच्या मागोमाग लगेच, तुमच्या आवाजात. कालपासून कितीदा लावलं. हिला याच्यावरच झोप लागते."

सवयीनं कोंडाजींनी फोन चांगुणाबाईंपुढे केला. चांगुणाबाईंनी हात मागे घेतले आणि पदरानं डोळे पुसले.

"आज माझा घसा बसलाय," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बोला."

कोंडाजींनी फोन परत तोंडासमोर धरला. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा," रोहिणी म्हणाली. "पुढे बोला."

आणि ते बोलू लागले.