अकरा खेपा आणि एक चादर

"बाबा, साहेबांना पदक दाखवा ना!" घरी आलेल्या आपल्या ऑफिसातल्या साहेबांसमोर मुलाने नेहमीसारखी फर्माईश केली आणि रुग्णवाहिकेच्या निवृत्त ड्रायव्हरने टेबलाकडे पाहिले. पदक टेबलाच्या खणात होते. पण त्याच्या डबीखाली आठ दिवसांपासून एक अर्ज दडवलेला होता, हे फक्त बायकोला ठाऊक होते.

युद्धाच्या काळात हॉस्पिटलच्या लाँड्रीत रोजंदारीवर राबलेल्या बाईंनी त्याच्याकडे सहीसाठी पाठवलेला तो अर्ज, नागरी पदकासाठीचा. सगळे रकाने भरलेले. फक्त 'प्रत्यक्ष साक्षीदाराची सही' एवढीच जागा कोरी. मुदत आज पाचला संपत होती.

"किल्ली कुठे ठेवली कोण जाणे," म्हातारा पुटपुटला.

"खिशात आहे तुमच्या," बायको चहा घेऊन आली. "नाहीतर मीच सांगते गोष्ट, पाठ झालीय! जळत्या पुलावरून अकरा खेपा, चव्वेचाळीस जखमी. धूर असा, की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना."

"मग गाडी चालवली कशी?" साहेबांनी सहज विचारले.

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारले नव्हते! मुलगा साहेबांना कप देऊ लागला, तशी बायको कानाशी वाकली. "अहो, खोटं कधी बोलला नाहीत तुम्ही. अर्धंच बोललात."

"मग माझ्या पदकाचं काय राहील?"

"तुमच्या खेपा कोण पळवतंय? त्या बाई पदक नाही मागत तुमचं, सही मागताहेत."

म्हाताऱ्याने खिशातून किल्ली काढली. मग त्याने खण उघडला. डबी बाजूला सारून अर्ज बाहेर काढला.

"पुढे ही लाँड्रीतली बाई चालत होती, साहेब! पाठीला पांढरी चादर बांधून, धुरात तेवढीच मला दिसायची. अकराही वेळा! मी निदान पत्र्याच्या आत होतो, ती उघड्यावर!"

मुलाचा चेहरा उतरला. "पण बाबा, मानपत्रात तर..."

"रोजंदारीवाल्यांची नावं हॉस्पिटलच्या यादीत नव्हतीच. आणि मी गप्प बसलो."

त्याने कोऱ्या जागेत सही केली. मुलाने अर्ज वाचला. मग उठून स्कूटरची चावी उचलली. "चला, बसा मागे. पाचच्या आत पोचवतो."

पदकाची डबी उघड्या खणात तशीच पडून राहिली.

वाचकहो, सन्मान घेण्यात काहीच गैर नाही. पण आपल्या पुढे कोण चालले होते, हे सांगायचे राहून गेले असेल, तर आपलीही सेवा अपुरीच आहे. आपापले खण एकदा उघडून पाहू या, मुदत संपण्याआधी!